भोपाळला परत गेलेला फोटोवाला

या ग्रंथासाठी घरोघरचे जुने फोटो गोळा करत होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या माउलीने विचारलं, "फोटो काढणारा कुठंच कसा दिसत नाही रे?" खरंच की. म्हणून अशाच एकाची हकीकत इथे देतो.

रघु राय यांचा जन्म १९४२ सालचा, झंगचा. ते गाव आता पाकिस्तानात आहे. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. थोरले बंधू एस. पॉल मात्र छायाचित्रकार. कॅमेरा घेऊन रघु एकदा खेड्यात गेले, ते गाढवाच्या शिंगरामागेच लागले. शिंगरू पुढे, हे मागे, लोक हसतायत! शेवटी शिंगरू दमून उभं राहिलं. तो फोटो भावाने लंडनच्या 'टाइम्स'ला धाडला आणि छापूनही आला.

मग दिल्लीत 'स्टेट्समन' वर्तमानपत्राची नोकरी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांचे हाल त्यांनी टिपले. १९७२ ला पद्मश्री मिळाली.

डिसेंबर १९८४. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला, झोपेतच माणसं गेली. तेव्हा 'इंडिया टुडे'त असलेले राय तिथे पोचले. एक बाप आपलं लेकरू पुरत होता. माती लोटली, पण राहवेना; शेवटचं बघून घ्यावं म्हणून तोंडावरची माती त्याने पुन्हा बाजूला केली. तेवढ्यात काढलेला तो फोटो जगभर गेला. त्या लेकराचं नाव आजतागायत कळलेलं नाही.

अशा वेळी कॅमेरा काढावा का? मलाही हे खटकतं. पण तो फोटो नसता तर ते लेकरू नुसत्या आकड्यात गेलं असतं, असंही वाटतं.

१९९० नंतर राय यांनी नोकरी सोडली. आता विषय त्यांच्या मनाचे आणि वेळही त्यांचाच. दिल्ली, कोलकाता, ताजमहाल, मदर तेरेसा यांच्यावर त्यांची पुस्तकं आहेत. शास्त्रीय संगीतातल्या थोर गवयांचे, वादकांचेही फोटो त्यांनी काढले. त्यात आपल्या अभंगवाणीचे भीमसेन अण्णाही आहेत.

आणि २००२ साली ते भोपाळला परत गेले. अठरा वर्षं झालेली, बातमी कधीच शिळी झालेली. यावेळी त्यांनी वाचलेल्यांचे फोटो काढले: दृष्टी गेलेले, धाप लागलेले, औषधाच्या रांगेत बसलेले. आणि गंज चढलेला तो कारखानाही, अजून तिथेच उभा.