जात्यावरची नाममुद्रा

ओवीचा इतिहास शिकवताना आपण बहुधा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'पासून (इ. स. ११२९) आरंभ करतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्या संस्कृत ग्रंथात आहे. तिच्यात कांडण आहे, गाणे आहे. गाणारीचे नाव मात्र नाही. हे अनामिकत्व पुढे आपल्या अभ्यासाला इतके अंगवळणी पडले की, लोकसाहित्याची व्याख्या करतानाच आपण 'कर्ता अज्ञात' असे म्हणू लागलो.

परभणी जिल्ह्यापुरते पाहू गेल्यास या अनामिकत्वाला एक ठळक अपवाद आढळतो. परंपरेनुसार जनाबाई गंगाखेडची. तिचे आयुष्य पंढरपुरात, नामदेवांच्या घरी दळणकांडणात गेले. जवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून एक जाते आजही दाखवतात. पण जनाबाई वाङ्मयेतिहासात आली ती अभंगाच्या वाटेने. अभंगाला शेवटी नाममुद्रेची जागा असते आणि तिने ती घेतली. तिच्याच गावात त्याच पहाटे दळणाऱ्या इतर बायांच्या ओवीत तशी राखीव जागा नव्हती. जातीही त्यांचीच, पीठही त्यांचेच. नावे तेवढी उरली नाहीत.

म्हणूनच आंतरजालावरील ओव्यांचा संग्रह आम्हांला निव्वळ कुतूहलाचा विषय वाटत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याहून हे संकलन उभे केले. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातील गायन ध्वनिफितींवर उतरवले. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर ते क्रमाने प्रसिद्ध होत गेले. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांवर गायिका, लाखाच्या घरात ओव्या. आकडा मोठा आहेच. आमच्या लेखी महत्त्व आहे ते ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदवण्याच्या शिस्तीला.

तोवर पिठाच्या गिरण्या खेडोपाडी पोचल्या होत्या. पहाटेचे दळण सुटले, कष्ट वाचले, आणि त्याबद्दल कोणत्याही बाईने हळहळ करावी असे आम्हांला वाटत नाही. (जात्याविषयी गहिवर येतो तो बहुधा खुंटा कधी हाती न धरलेल्यांना.) पण गाण्याचे निमित्तही त्याबरोबर गेले. छापील ओवीत दोन ओळी दिसतात. गाताना ओळ मध्येच तुटते, पुन्हा उचलली जाते, 'गं बाई'ची भर पडते, आणि दोन ओळींना चांगलाच वेळ लागतो. छंदःशास्त्राच्या तासाला आपण मोजतो ती अक्षरसंख्या या श्वासापुढे अपुरी पडते.

ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचे १९९६ मधील ध्वनिमुद्रण या दृष्टीने मुद्दाम ऐकावे. विषय सीतेच्या वनवासाचा. रानात रडणाऱ्या सीतेचे सांत्वन करायला तिथे बोरी-बाभळी येतात, आणि त्या बायका म्हणून येतात. वाल्मीकीच्या तपोवनापेक्षा परभणीचे काळे रान इथे अधिक जवळचे आहे: कमी पाण्यावर तगणारी, बांधावर आपोआप उगवणारी, कोणी न लावलेली काटेरी झाडे. सीतेला धीर देण्यासाठी गंगूबाईंच्या ओवीला देव किंवा ऋषी आठवत नाहीत, याची दखल रामकथेच्या मराठी परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी घ्यायला हवी. आणि तळटीप देताना 'पारंपरिक' असे न लिहिता गायिकेचे नाव लिहावे.