डबाबंद अळंब्यांची बखर

अळंबे हे अन्न मनुष्याने जितक्या आवडीने खाल्ले तितक्याच धास्तीने खाल्ले. कोकणात आणि गोमंतकात पावसाळ्यात वारुळांवर जी रानची अळंबी उगवतात ती विकत घेताना, ती कोणी आणली आणि कोठून आणली, ही विचारपूस जाणते लोक आवर्जून करतात. कारण खाण्याजोगे कोणते आणि प्राणघातक कोणते हा विवेक त्या रानात वावरलेल्या डोळ्यांनाच साधलेला असतो, आणि त्या डोळ्यांवरील भरवसा हाच या व्यवहाराचा खरा जामीन होय. अशा अन्नाला पत्र्याच्या डब्यात कोंडून, ते कोणी व केव्हा खुडले याचा ज्यांना पत्ताही नाही अशांच्या हाती द्यावे, आणि त्यांनी ते निःशंकपणे चिरून, आंबवलेल्या मलईत कालवून, बटाट्याच्या वेफरांसह पाहुण्यांपुढे ठेवावे, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत घरोघरच्या मेजवान्यांत अळंब्यांचे जे डिप रूढ झाले, त्याचा पूर्वेतिहास शोधू लागले म्हणजे हा भरवसा कसा उभा राहिला आणि पुढे कसा डळमळला, याची एक मोठी मनोवेधक हकीकत हाती लागते.

तिचा आरंभ फ्रान्समध्ये आहे. 1600 साली ऑलिव्हिए द सेर याने आपल्या कृषिविषयक ग्रंथात अळंब्यांच्या लागवडीचा उल्लेख केला आणि 1707 साली तुर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने घोड्याच्या लिदीच्या वाफ्यांवर अळंबी पिकविण्याची रीत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सविस्तर मांडली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, ज्या भुयारी खाणींतून पॅरिसच्या इमारतींसाठी दगड काढला गेला होता त्यांच्या काळोखात, जेथे उन्हाळा-हिवाळ्याचा भेद फारसा जाणवत नाही अशा ठिकाणी, माळ्यांनी ही लागवड नेली आणि अळंब्याचा ऋतूशी असलेला सनातन संबंध तुटला. स्वयंपाकघरातही फ्रेंचांनी एक महत्त्वाची गोष्ट हेरली होती. अळंब्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि ते काढल्याशिवाय अळंबे ना टिकते ना दुसऱ्या पदार्थात नीट मिसळते. अळंबी व छोटे कांदे बारीक चिरून लोण्यात पाणी आटेपर्यंत परतण्याची ‘दुक्सेल’ नावाची कृती याच जाणिवेतून निघाली. ज्याच्या मुदपाकखान्याचा ला व्हारेन हा प्रमुख होता त्या मार्की द्युक्सेल या सरदाराचे नाव तिला लाभले, असे परंपरा सांगते. आजच्या डिपाचे मूळ शोधायचे तर ते याच परतलेल्या, पाणी आटलेल्या लगद्यात शोधावे असे माझे मत आहे. मलई आणि वेफर ही पुढची भर होय.

टिकविण्याचा प्रश्न मात्र निकोलस आपेर याने सोडविला. हा मिठाईचा कारागीर. विद्यापीठाचे शिक्षण त्याच्या गाठी नव्हते. रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरावे, बुचे घट्ट ठोकावीत आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात दीर्घकाळ ठेवाव्यात, ही युक्ती त्याने वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनी सिद्ध केली. कृती जाहीर करण्याच्या अटीवर फ्रेंच सरकारने 1810 साली त्याला 12,000 फ्रँकांचे इनाम दिले, आणि त्याच साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ज्या अनेक जिनसा आहेत त्यांत अळंबीही आहेत. अन्न का टिकते हे सांगणारा पाश्चर त्या वेळी जन्मलाही नव्हता. काचेऐवजी पत्र्याचा डबा इंग्लंडातून आला. पीटर ड्युरँड याने त्याचे पेटंट त्याच वर्षी घेतले.

अमेरिकेत या उद्योगाचे ठाणे झाले ते पेनसिल्व्हेनियातील केनेट स्क्वेअर हे लहानसे गाव. विल्यम स्वेन नावाच्या एका क्वेकर पंथीय फूलव्यापाऱ्याने, काचगृहात कार्नेशनच्या फुलांची वाढ होई त्या मांडण्यांखालची जागा रिकामी का दवडावी, या विचाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे अळंबी लावून पाहिली. फिलाडेल्फियासारखे मोठे शहर जवळ असल्याने तबेल्यांतली लीद मिळे आणि मालाला गिऱ्हाईकही मिळे. या उद्योगात पहिल्या काळी इटलीहून आलेले मजूर राबले, नंतर पोर्तो रिकोचे, आणि त्यानंतर मेक्सिकोचे. पहाटेच्या अंधारात दमट खोल्यांतील उंच फळ्यांवर वाकून एकेक अळंबे हाताने खुडणाऱ्या या माणसांची नावे कोणत्याही डब्यावर छापली गेली नाहीत, आणि या बखरीत त्यांचा मान आपेरच्या बरोबरीचा असावा, असे मला मनापासून वाटते. 1926 साली पेनसिल्व्हेनियातच एका वाफ्यात तपकिरी अळंब्यांमध्ये शुभ्र टोपीची काही अळंबी उगवलेली आढळली. त्यांचीच वाढ करून पांढरे बटण अळंबे सर्वत्र पसरले, आणि डब्यातील अळंबे पांढरेच असावे ही समजूत कायमची झाली.

आता डब्याच्या आत काय घडते ते पाहू. धुतलेली अळंबी प्रथम गरम पाण्यातून काढतात, तेव्हा ती आक्रसतात आणि त्यांच्यातील हवा व बरेचसे पाणी निघून जाते. मग मिठाच्या सौम्य पाण्यासह डबा भरून, तोंड बंद करून, दाबाच्या वाफेत सुमारे 121 अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. या दाबाचे कारण फार गंभीर आहे. अळंबी मातीच्या व खताच्या सान्निध्यात वाढतात, त्यांच्यात आंबटपणा अत्यल्प असतो, आणि मातीत राहणाऱ्या बोटुलिनम नामक जंतूची बीजे साध्या उकळीला दाद देत नाहीत. हवा नसलेल्या डब्यात तीच बीजे रुजून अत्यंत जहाल विष निर्माण करतात.

असा डबा तयार असताना यजमानांची परिस्थितीही बदलली होती. युद्धानंतर अमेरिकेत उपनगरे वसली. त्यांतील मध्यमवर्गीय घरांत आचारी नव्हता, वाढपी नव्हता, आणि संध्याकाळी पाहुणे येत ते पंगतीला बसण्यासाठी नव्हे, तर हातात पेला घेऊन उभ्याउभ्या गप्पा मारण्यासाठी. लिप्टन कंपनीने 1952 साली कांद्याच्या सुपाची कोरडी पूड बाजारात आणली. 1954 च्या सुमारास लॉस एंजेलिसमधील कोण्या अज्ञात व्यक्तीने ती आंबवलेल्या मलईत कालवली, ती कृती तोंडोतोंडी गावोगाव गेली, आणि 1958 पासून कंपनीने ती खोक्यावरच छापली. या वाटेने अळंबीही आली. डबा उघडावा, पाणी पुरते निथळू द्यावे, अळंबी बारीक चिरून कांद्यासह लोण्यात परतावी, निवली की क्रीम चीज व मलईत कालवून वर वूस्टर सॉसचे दोन थेंब घालावेत, इतकेच काम. येथे डब्यातील अळंबे ताज्याहून सरस ठरते, कारण त्याचे पाणी आधीच गेलेले असल्याने वाडगा तासभर मांडून ठेवला तरी मलईला पाणी सुटत नाही. चवीत ते ताज्याची सर गाठत नाही हेही तितकेच खरे.

भरवशाला पहिला तडा 1973 साली गेला. ओहायोतील एका कारखान्याच्या डब्यांत बोटुलिनमचा संशय आला. त्या डब्यांतील अळंबी वापरणारा मिशिगनमधील इलारियो फॅब्रिनी हा पिझ्झाचा कारखानदार. त्याच्या पिझ्झाचा अंश दिलेले प्रयोगशाळेतील उंदीर मेले, तेव्हा त्याने आपला सुमारे 30 हजार पिझ्झांचा साठा परत मागवून ऑसिनेक येथे खड्ड्यात पुरून टाकला. राज्याचे गव्हर्नर मिलिकेन त्या प्रसंगी जातीने हजर होते. उंदरांच्या मृत्यूचे कारण ते विष नव्हते, असा निवाडा पुढे झाला. फॅब्रिनीचे नुकसान मात्र होऊन गेले होते. दुसरा प्रसंग 1989 चा. मिसिसिपी, न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनिया या राज्यांत चीनहून आलेली डबाबंद अळंबी खाऊन लोक आजारी पडले. या वेळी दोष स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाचा होता, आणि ते विष उष्णतेने सहजी नष्ट होत नसल्याने डबा नीट तापवूनही उपयोग नव्हता. अमेरिकी सरकारने चिनी डब्यांची आयात रोखली.

परदेशी स्वस्त मालाविरुद्ध अमेरिकी उत्पादकांची फिर्याद त्याआधीपासूनच चालू होती. 1980 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अळंब्यांच्या डब्यांवर तीन वर्षांपुरती वाढीव जकात बसविली, आणि 1999 साली चीन व इंडोनेशिया यांच्यासह हिंदुस्थानच्या डबाबंद अळंब्यांवरही पडेल भावाने विक्री केल्याबद्दल जादा जकातीचा हुकूम निघाला. ज्या देशात सोलनच्या परिसरात या लागवडीला 1961 च्या सुमारास हात घातला गेला होता, त्याच्या मालाचा अमेरिकी उत्पादकांना चाळीस वर्षांच्या आत असा धसका वाटावा, ही आपल्या शेतकऱ्यांच्या व कारखानदारांच्या कर्तबगारीची पावतीच म्हटली पाहिजे.

वाचकांपैकी जे कोणी पाहुण्यांसाठी असे डिप करू पाहतील त्यांना एकच विनंती: डब्याचा जोड चेपलेला असेल, झाकण फुगलेले असेल किंवा उघडताना आतील पाणी फसफसून बाहेर आले, तर किमतीकडे पाहू नये आणि चव घेऊनही पाहू नये, कारण बोटुलिनमचे विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही, असा डबा सरळ टाकून द्यावा.