घर आणि तळ : वैमानिकांच्या हवाई ये-जा प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा
(नागपूरची रात्रीची हवाई टपाल सेवा व वाशीम जिल्हा यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. एका गावी घर, दुसऱ्या गावी नोकरी आणि त्यापायी रोजचे 'अप-डाऊन' हा येथील शिक्षक, ग्रामसेवक व बँक कर्मचारी यांच्या जीवनाचा परिचित भाग आहे. 'मुख्यालयी राहण्याची अट' हा शब्दप्रयोगही तितकाच परिचित आहे. विमानवाहतुकीच्या क्षेत्रात हाच प्रश्न मोठ्या परिमाणात आढळतो. कंपनीने नेमून दिलेला तळ एका शहरात असतो आणि कुटुंब दुसऱ्या शहरात. मग कामावर रुजू होण्यासाठी वैमानिक स्वतःच प्रवासी म्हणून विमानाने जातो. या प्रवासाचा शीण कोणाच्या हिशेबात धरावयाचा, हा प्रश्न इतिहासात कसा निर्माण झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

'होम बेस' या संज्ञेचा अर्थ

या संज्ञेत 'होम' हा शब्द असला तरी तिचा घराशी संबंध नाही. भारतातील नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, कंपनीने नेमून दिलेले, जेथून वैमानिकाचे कर्तव्य सामान्यतः सुरू होते व जेथे ते संपते, असे ठिकाण म्हणजे होम बेस होय. तेथे वैमानिकाच्या निवासाची जबाबदारी सामान्यतः कंपनीवर नसते. कंपनीच्या आदेशाने वैमानिक एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रवासी म्हणून गेला, तर तो काळ कर्तव्यकाळात मोजला जातो. तोच वैमानिक स्वतःच्या घरून तळापर्यंत तितकेच अंतर उडून आला, तर तो काळ मोजला जात नाही. शरीराला दोन्ही प्रवास सारखेच असतात. नियमाला मात्र ते सारखे नाहीत.

नागपूरची रात्रीची हवाई टपाल सेवा (१९४९-१९७३)

तळाकडे परतणे हाच ज्या वेळापत्रकाचा पाया होता, अशी एक व्यवस्था विदर्भातच होऊन गेली. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या मूळ तळावर परतत. मुंबईचे विमान मुंबईस व मद्रासचे मद्रासेस जाई. देशाच्या मध्यभागी असणे हे नागपूरचे भौगोलिक वैशिष्ट्य येथे उपयोगी पडले.

या योजनेमागे तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांचा आग्रह होता. रात्रीच्या उड्डाणासाठी आवश्यक सुविधा विमानतळांवर पुरेशा नाहीत, या कारणास्तव जे. आर. डी. टाटा यांनी तिला विरोध केला होता. सेवा प्रथम खासगी कंपन्यांकडे होती. राष्ट्रीयीकरणानंतर, १ ऑगस्ट १९५३ पासून, ती इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनकडे आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मद्रासकडे निघालेले टपाल विमान नागपूरहून उड्डाण करताच कोसळले व तेरा जणांचा मृत्यू झाला. सकाळी तळावर परतण्याची सोय असली तरी रात्रीचे काम निर्धोक होत नाही, हेही या सेवेच्या इतिहासातून दिसते. ऑक्टोबर १९७३ पर्यंत ही सेवा चालू होती.

व्यवस्थेतील स्थित्यंतर

योगायोग असा की, १९७३ मध्येच अमेरिकेत मेम्फिस येथे फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने याच धर्तीची सेवा सुरू केली. रात्री अनेक शहरांतील विमाने मध्यवर्ती ठिकाणी आणावयाची, पार्सलांची अदलाबदल करावयाची व ती परत पाठवावयाची, अशी तिची रचना होती. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेत विमानवाहतुकीवरील आर्थिक नियंत्रणे उठविण्यात आली. कंपन्यांमधील स्पर्धा वाढली आणि तळ उघडणे, बंद करणे किंवा हलविणे नित्याचे झाले. तळ हलला तरी मुलांची शाळा, पती वा पत्नीची नोकरी व वृद्ध आईवडील हलत नाहीत. त्यामुळे घर जागेवर ठेवून तळापर्यंत विमानाने ये-जा करणाऱ्या वैमानिकांचा वर्ग वाढत गेला.

२००९ ची दुर्घटना

१२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफेलोकडे जाणारे कोलगन एअर कंपनीचे विमान कोसळून पन्नास जणांचा मृत्यू झाला. सहवैमानिक तरुणीचे घर सिअ‍ॅटलजवळ, तर तळ नेवार्क येथे, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकास होता. आदल्या रात्री ती मालवाहू विमानाने मेम्फिसला व तेथून दुसऱ्या मालवाहू विमानाने सकाळी नेवार्कला पोहोचली. मुख्य वैमानिकाचे घर फ्लोरिडात होते व त्याने ती रात्र नेवार्क विमानतळावरील कर्मचारी कक्षात काढली होती. नेवार्क तळावरील या कंपनीच्या १३६ वैमानिकांपैकी ९३ जण अशी ये-जा करणारे होते, असे चौकशीत आढळले.

मुख्य वैमानिकाची चुकीची प्रतिक्रिया हे दुर्घटनेचे कारण ठरविण्यात आले. दोघांच्याही कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता चौकशी मंडळाने मान्य केली. मात्र त्याचे प्रमाण निश्चित करता येत नाही, असे म्हटले. थकवा हे साहाय्यभूत कारण मानावे, असे मंडळाच्या अध्यक्षांचे वेगळे मत होते. अल्प वेतन व महानगरातील न परवडणारे घरभाडे हे मुद्देही सुनावणीत पुढे आले. अमेरिकेने २०११ मध्ये विश्रांतीचे नवे नियम केले. तथापि घर ते तळ हा प्रवास वैमानिकाच्याच जबाबदारीचा राहिला.

भारतीय नियम व वाशीमचा संदर्भ

भारतात जानेवारी २०२४ च्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली व रात्रीच्या काळातील विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द झाल्यावर काही तरतुदींना तात्पुरती सूट द्यावी लागली.

दूरच्या घराच्या दृष्टीने ४८ तासांचे महत्त्व मोठे आहे. घरून तळापर्यंतचा प्रवास सामान्यतः दीड तासापेक्षा अधिक असेल, तर तळाजवळ तात्पुरत्या निवासाचा विचार करावा, असा सल्ला ब्रिटनच्या जुन्या मार्गदर्शिकेत होता. या कसोटीवर वाशीमचे स्थान तपासता येते. वाशीम जिल्ह्यात प्रवासी विमानसेवा नाही. नांदेड शंभर व नागपूर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. पण ताशी १२० किलोमीटरच्या कमाल वेगानेही दीड तासात १८० किलोमीटरच कापले जातात. म्हणजे दिल्ली वा मुंबईचा तळ तर दूरच, नागपूरचे विमान गाठण्यातच ही मर्यादा संपते. ३६ तासांच्या सुटीतून जाण्यायेण्याचा वेळ वजा केल्यास घरी जेमतेम एका रात्रीची झोप उरते.

समारोप

नागपूरच्या टपालसेवेत विमानाचे मूळ तळावर परतणे ही वेळापत्रकाची, म्हणजे संस्थेची जबाबदारी होती. पुढील काळात तळ कंपनीच्या सोयीने ठरू लागला आणि घर व तळ यांतील अंतर ही व्यक्तीची खासगी बाब मानली गेली. या अंतराचे ओझे मात्र खासगी राहत नाही. ते विमानातील प्रत्येक प्रवाशावर येते. केवळ तळाजवळ राहण्याची सक्ती हा त्यावरील उपाय नव्हे. परवडणारा निवास, तळ बदलताना पुरेशी पूर्वसूचना आणि न झोपलेल्या व्यक्तीस दंडाच्या भीतीशिवाय 'आज काम करू शकत नाही' असे सांगण्याची मुभा, या गोष्टी सक्तीपेक्षा अधिक उपयुक्त ठरतील. मुख्यालयाची अट घालताना मुख्यालयी राहण्याजोगी परिस्थिती आहे काय, हे पाहण्याचे कर्तव्य अट घालणाऱ्यावरच येते. हे वैमानिकांबाबत जितके खरे आहे, तितकेच ते दररोज पहाटेची बस गाठून तालुक्याच्या महाविद्यालयात पोहोचणाऱ्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांबाबतही खरे आहे.