परराष्ट्र मंत्रालय नेमकं काय काम करतं?

भारताचे इतर देशांशी संबंध सांभाळणारं केंद्र सरकारचं खातं म्हणजे परराष्ट्र मंत्रालय. परराष्ट्रमंत्री त्याचे प्रमुख, तर प्रशासन परराष्ट्र सचिवांकडे असतं. करार, वाटाघाटी, संयुक्त राष्ट्रांत देशाची बाजू मांडणं ही त्याची मोठी कामं. पण रत्नागिरी-रायगडातल्या ज्या घरातला माणूस आखातात कमावतो, त्या घराचा या खात्याशी थेट संबंध येतो.

पासपोर्ट: १९६७ च्या कायद्यानुसार पासपोर्ट हेच खातं देतं.

नोकरीसाठी मंजुरी: साधारणपणे दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं. सौदी, कुवेत, कतारसह १८ देशांत कामाला जाताना त्यांना 'ई-मायग्रेट'वरून मंजुरी घ्यावी लागते. सोबत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. एजंट 'व्हिजिट व्हिसावर जा, नंतर बघू' म्हणाला, तर हे संरक्षण हातचं जातं.

अडचणीत मदत: पगार अडकला, अटक झाली किंवा मयत घरी आणायची असेल, तर तिथल्या भारतीय दूतावासाकडे किंवा 'मदद' पोर्टलवर तक्रार करावी. दूतावास तिथला कायदा मोडू शकत नाही, पण कैद्याला भेटू शकतो, मालकाशी बोलू शकतो.

हज: २०१६ पासून हजचं काम अल्पसंख्याक मंत्रालयाकडे आहे. मात्र जेद्दाहचा भारतीय वाणिज्य दूतावास परराष्ट्र खात्याचाच.

जाण्याआधी करारपत्र आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी नक्की ठेवा.