पळीपळी तेलावर चाललेला मठ

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सातमाळा डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात इथे सगळा खानदेश लोटतो. दर्शन घ्यायचं, धवलतीर्थाचा धबधबा पाहायचा, झाडाखाली भाकरी-भरीत सोडायचं आणि परतायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. देवळाभोवतीचं जुनं पाटण नगर मात्र आता नाही. बाजार गेला, पेठ गेली, तिथे रान वाढलं. पण त्या बाजाराचा हिशेब दगडावर राहिला आहे.

हा दगड म्हणजे पाटणचा शिलालेख. एकोणिसाव्या शतकात भवानीच्या पडक्या देवळात तो अभ्यासकांना आढळला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादित केला. लेख शके ११२८ चा. श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या दिवशी दान दिल्याचं तो सांगतो. अभ्यासकांच्या गणिताप्रमाणे तो दिवस ९ ऑगस्ट १२०७ हा येतो.

दान कशाला? तर ‘लीलावती’ आणि ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणारे थोर गणिती भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला. मठ काढला त्यांचा नातू चांगदेव याने. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी. त्याचे वडील लक्ष्मीधर यांची विद्वत्ता पाहून जैत्रपाल यादवाने त्यांना याच नगरातून आपल्याकडे नेलं, असं लेखात म्हटलं आहे. म्हणजे घराणं राजदरबारी गेलं, पण शाळा काढली ती पाटणला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी तिला दान दिलं.

खरी गंमत पुढेच आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृतात, पण शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. वंशावळ आणि स्तुती पंडितांसाठी, ती संस्कृतात. देण्याघेण्याचा तपशील मात्र बाजारातल्या माणसाला कळला पाहिजे, म्हणून तो लोकभाषेत! पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं, ते मठाला द्यावं. गावात जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल द्यावं. पळीभर तेल ते काय? पण घाण्याघाण्याची पळी जमली, की रात्रीच्या अभ्यासाचा दिवा जळतो. गणित न शिकलेल्या तेल्याचाही त्या मठात असा वाटा होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ते विज्जडविड कोणतं, यावर आजवर पुष्कळ वाद झाले आणि प्रत्येक वादात कोणी ना कोणी आपल्या गावाचं नाव पुढे केलं. त्या वादात जे निश्चित आहे, तेच बाजूला पडतं. जन्म कुठेही झालेला असो, आजोबांच्या निधनानंतर त्यांची विद्या चालावी म्हणून नातवाने मठ काढला तो इथेच, आणि त्याला हातभार लागला तो इथल्या पेठेचा.

याच तालुक्यात, गिरणाकाठच्या बहाळलाही एक शिलालेख आहे, शके ११४४ चा. तिथे भवानीचं देऊळ बांधणारा अनंतदेव भास्कराचार्यांच्या भावाचा नातू, आणि तोही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी. एका तालुक्यात एकाच विद्वान घराण्याच्या दोन खुणा!

गावाच्या इतिहासात आपण किल्ला शोधतो, राजा शोधतो. पाटणचे राजे आज अभ्यासकांपलीकडे फारसे कुणाला ठाऊक नाहीत, आणि जवळचा कन्हेरगडही ओस आहे. पण एका पेठेने आठशे वर्षांपूर्वी गणिताच्या शाळेसाठी स्वतःवर पट्टी बसवून घेतली, ही नोंद टिकली. चाळीसगाव, पाचोरा, भडगावच्या शाळांतली मुलं सहलीला पाटणादेवीला जातात. धबधबा त्यांना दाखवावाच. पण त्या पळीभर तेलाची गोष्टही गुरुजींनी तिथेच, देवळाच्या पायरीवर बसवून सांगावी. गणिताचा धसका घेतलेल्या एखाद्या मुलाला तरी वाटेल, की हा विषय परका नाही, आपल्याच गावच्या बाजाराने तो सांभाळला आहे.