कुलाब्याची चिलटे आणि ओबेद सिद्दीकी

मुस्लिमांनी विज्ञानाला काय दिले, असा विषय निघाला की आपले वक्ते इब्ने सिना, अल राझी, इब्नुल हैसम ही नावे घेतात. आम्ही उर्दू शाळांतले शिक्षकही विज्ञान दिनाला फळ्यावर तीच लिहितो. लिहायलाच हवीत. पण ही मंडळी हजार वर्षांपूर्वीची, बुखारा-बगदाद-बसऱ्याकडची. आपल्याच मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी करणारे प्राध्यापक ओबेद सिद्दीकी मात्र ना मुलांना ठाऊक, ना वालदैनना. मुलगा हुशार निघाला की आपल्या घरांत 'डॉक्टर' एवढाच शब्द सुचतो, आणि डॉक्टर म्हणजे दवाखान्याची पाटी. शरीर आतून कसे चालते ते शोधण्यात आणि इतरांना शिकवण्यात सारी उमर घालवता येते, त्यावर घर चालते, हे कुणी सांगतच नाही.

सिद्दीकींचा जन्म १९३२चा, उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यातला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून ते वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झाले. नंतर ग्लासगो येथे ग्विदो पोंतेकोर्वो यांच्या हाताखाली बुरशीच्या आनुवंशिकतेवर त्यांनी पीएच. डी. केली. हे पोंतेकोर्वो म्हणजे ज्यू म्हणून फॅसिस्ट इटलीत नोकरी गमावलेले गृहस्थ. उस्तादही आपल्या वतनातून उखडलेले होते, हे आम्हाला नोंदवावेसे वाटते.

तेथून सिद्दीकी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात अॅलन गॅरेन यांच्याकडे गेले. दोघांनी १९६२मध्ये प्रसिद्ध केलेले काम समजायला अवघड नाही. उर्दूच्या तासाला आम्ही एक वाक्य हमखास देतो : 'रोको मत जाने दो'. विराम 'रोको'नंतर दिला तर माणूस अडतो, 'मत'नंतर दिला तर सुटतो. पेशीतही डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो आणि त्यातून प्रथिन बनते. भलत्याच जागी पूर्णविराम पडला तर प्रथिन अपुरे राहते. एका जिवाणूत असे बिघाड होते, आणि दुसऱ्या एखाद्या बदलामुळे तो चुकीचा विराम ओलांडून मजकूर पुढे वाचला जाई. पेशीच्या भाषेतले 'थांबा' सांगणारे शब्द पुढे सापडले, त्या वाटेवरचा हा महत्त्वाचा टप्पा.

भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी होमी भाभांकडे सिद्दीकींची शिफारस केली. भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था भौतिकशास्त्राची आणि गणिताची. तेथे जीवशास्त्राचे काय काम, असा प्रश्न कुणालाही पडावा. भाभांना तो पडला नाही. १९६२मध्ये तिशीच्या सिद्दीकींच्या हाती रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सोपवला गेला. पत्नी आसिया सिद्दीकी इतिहासाच्या अभ्यासक; एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या दिवाळखोरांवर त्यांनी पुस्तक लिहिले. एका घरात पेशीचा आणि शहराचा, दोन्हींचा अभ्यास चालला होता.

चाळिशीत माणूस आपल्या विषयाला घट्ट धरून बसतो. आमच्या पेशात तर जुन्या नोट्स पिवळ्या पडेपर्यंत चालतात. सिद्दीकींनी मात्र या वयात जिवाणू बाजूला ठेवले आणि केळ्यांवर घोंघावणारी चिलटे हाती घेतली. अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्याबरोबर त्यांनी अशी चिलटे अभ्यासली, जी एरवी धडधाकट, पण तापमान वाढवले की लुळी होऊन पडत. एका जनुकातला बिघाड मज्जातंतूचा संदेश कुठे अडवतो, हे त्यातून तपासता येई. १९७६च्या त्या लेखातल्या एका जातीचे नाव 'कोमाटोज', म्हणजे बेशुद्ध, कारण गारवा मिळाला तरी ती लवकर उठत नसे.

मुंबईत परतल्यावर चिलटाला वास आणि चव कशी कळते, हा प्रश्न त्यांनी धरला. केनियात जन्मलेली, मूळ गोव्याच्या घरातली व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनमध्ये शिकत असताना सिद्दीकींना पत्र लिहून त्यांच्याकडे आली. गुरुशिष्येने १९७८मध्ये या विषयावरचे काम प्रसिद्ध केले, आणि रॉड्रिग्ज पुढे त्यातल्याच नामवंत शास्त्रज्ञ झाल्या. २०१०मध्ये त्या वारल्या. भारत सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार राहिलेले के. विजयराघवन यांची पीएच. डी.ही कुलाब्याच्या याच विभागातली.

नंतर बंगलोरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र सिद्दीकींनी उभारले, पहिले संचालक झाले. रॉयल सोसायटीची फेलोशिप १९८४मध्ये आणि पद्मविभूषण २००६मध्ये मिळाले. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी की, संचालकपद सोडल्यावरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. वयाच्या ८१व्या वर्षी बंगलोरच्या रस्त्यात एका दुचाकीची धडक बसली आणि २६ जुलै २०१३ रोजी त्यांचा इंतकाल झाला.

ते बेशुद्ध पडणारे चिलट का पडते, याचा उलगडा १९९०च्या दशकात झाला होता. एका मज्जापेशीकडून दुसरीकडे रसायन सोडण्यासाठी लागणाऱ्या एनएसएफ नावाच्या प्रथिनाचे जनुक त्यात बिघडलेले असते. हे प्रथिन वेगळे काढणाऱ्या जेम्स रॉथमन यांना पेशींतल्या अशा वाहतुकीच्या शोधाबद्दल दोघांसह नोबेल जाहीर झाले ते ऑक्टोबर २०१३मध्ये, सिद्दीकी गेल्यावर अडीच महिन्यांनी.