वाबिगून नदीचे मासे

मासा ताजा कीं शिळा हें ओळखावयास जाणती गृहिणी त्याचे कल्ले उचलून पाहते. ते लाल असले, डोळे स्वच्छ असले आणि अंग बोटानें दाबतांच पुन्हां वर आलें, कीं तिची खात्री पटते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतांतील वाबिगून नदीचे मासे १९६२ नंतरहि या सर्व कसोट्यांना उतरत होते. त्यांना वाईट वास नव्हता, चवींतहि कांहीं बिघाड नव्हता. परंतु त्यांच्या मांसांत पारा होता.

या नदीच्या खालच्या अंगास ग्रासी नॅरोज ही ओजिब्वे लोकांची वस्ती आहे. वरच्या अंगास ड्रायडेन गांवीं कागदाची गिरणी होती. कागदाचा लगदा शुभ्र करण्यास क्लोरीन लागतो, आणि १९६२ पासून तेथें तो मिठाच्या पाण्यांतून विजेच्या साह्यानें काढूं लागले. या कृतींत पारा वापरीत. १९७० पर्यंत सांडपाण्याबरोबर सुमारें ९,००० किलो पारा नदींत गेला.

पारा जड, तो तळाशीं बसेल आणि तेथेंच स्वस्थ पडून राहील, अशी पूर्वीं समजूत होती. येन्सेन व येर्नेलोव्ह या स्वीडिश शास्त्रज्ञांनीं १९६९ मध्यें ती खोटी ठरविली. गाळांतील सूक्ष्म जंतु पाऱ्याचें मेथिल पाऱ्यांत रूपांतर करतात. हें द्रव्य बारीक जीवांत शिरतें, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत साठतें, आणि लहान माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांत त्याचें प्रमाण कित्येक पटींनीं वाढतें. पाइक आणि वॉलआय हे असे शिकारी मासे. नेमकी त्यांनाच तेथील ताटांत मानाची जागा होती!

१९७० मध्यें सरकारनें मासे न खाण्याचा इशारा दिला व विक्रीसाठीं होणारी मासेमारी बंद केली. हौशी प्रवाशांची गळाची मासेमारी मात्र चालूं राहिली. त्यामुळें असा विलक्षण प्रकार घडला, कीं ज्या माशापासून ओजिब्वे लोकांना दूर राहण्यास सांगितलें होतें, तोच मासा ओजिब्वे वाटाडे प्रवाशांसाठीं नदीकांठीं तळीत आणि स्वतःहि खात. १९६३ मध्येंच या वस्तीला जुन्या जागेवरून हलविलें होतें. आतां मासेमारीचें उत्पन्नहि गेलें. घरचें अन्न सोडा म्हणणें सोपें होतें. त्याच्या जागीं काय शिजवावें, हा प्रश्न चुलीपाशीं बसणारांवर टाकला गेला.

१९७५ मध्यें जपानचे डॉक्टर हारादा तेथें आले. मिनामाता येथील पाऱ्याचे रोगी त्यांनीं वर्षानुवर्षें पाहिले होते. हातापायांची बधिरता, आकुंचित झालेली दृष्टि, हीं ओळखीचीं लक्षणें त्यांना येथेंहि आढळलीं. नुकसानभरपाईचा करार व्हावयास १९८५ साल उजाडलें. दोन वस्त्यांना मिळून सुमारें १ कोटि ६७ लक्ष डॉलर ठरले.

या विषावर स्वयंपाकघरांत उतारा नाहीं. पारा मांसांतील प्रथिनांशीं जडलेला असल्यामुळें कातडी सोलून, चरबी काढून, उकळून वा तळून तो जात नाहीं. उलट पाणी आटलें कीं वजनाच्या मानानें थोडा वाढतोच. म्हणून निवड करावयाची ती मासा पकडतांनाच. मोठ्यापेक्षां लहान बरा, पाइकपेक्षां तळचे किडे खाणारा व्हाइटफिश बरा. शरीरांतील पारा निम्मा होण्यास सुमारें दोन महिने लागतात. तेव्हां दोन जेवणांतील अंतर महत्त्वाचें. गर्भवतींनीं व मुलांनीं विशेष जपावें, कारण गर्भाच्या मेंदूपर्यंत हा पारा सहज पोंचतो. तथापि मासा मुळांत पौष्टिक आहे. भीतीनें तो अजीबात वर्ज्य करणें हेंहि शहाणपणाचें नाहीं. ऑन्टारिओ सरकारनें पुढें तळ्यातळ्यांचीं कोष्टकें छापलीं, तीं याच धोरणानें. माशाची जात व लांबी पाहावी, आणि महिन्यांत किती वेळां खावा तें ठरवावें.

रविवारीं गळ टाकणाऱ्या शहरी माणसाला असें कोष्टक पुरतें. त्याच्या घरीं सोमवारचें जेवण बाजारांतून येतें. ग्रासी नॅरोजच्या लोकांची मागणी वेगळी होती. त्यांना नदी स्वच्छ करून हवी होती. २०१७ मध्यें प्रांताच्या सरकारनें त्या कामासाठीं साडेआठ कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें. गिरणीचा पारा नदींत सोडणें थांबून तेव्हां सत्तेचाळीस वर्षें झालीं होतीं.